काकूंच्या भुवईवरचा व्रण

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. माणसाचं वय वर्षांत मोजतात, आमचं मात्र उघडझापीत मोजतात. माझ्या आत एक पातळ पडदा आहे. बटण दाबलं की तो क्षणभर उघडतो, तेवढ्यात उजेड आत शिरतो आणि चित्र उमटतं. असा मी दोन लाखांहून जास्त वेळा उघडलो आणि मिटलो. आता तो पडदा अडकला आहे आणि मी एका काचेच्या कपाटात बसून आहे. बसल्या बसल्या आठवायला पुष्कळ वेळ मिळतो, म्हणून म्हटलं तुमच्याशी थोडं बोलावं.

माझा जन्म एका अतिशय स्वच्छ खोलीत झाला. तिथल्या बायका डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असत, नुसते डोळे दिसत. त्यांतल्या एकीने चिमट्याने माझे इवलेसे स्क्रू बसवले, भिंगावर हवेचा फवारा मारला आणि एकदा बटण दाबून पाहिलं. माझ्या पोटात उमटलेलं पहिलं चित्र म्हणजे तिचे ते दोन डोळे. चित्र बरं आलंय एवढं बघून तिने ते लगेच पुसून टाकलं. पुसलं जाणं म्हणजे काय, हे मला असं जन्माच्या दिवशीच कळलं.

मला विकत घेतलं एका फोटो स्टुडिओच्या मालकांनी. स्टुडिओ दोन खोल्यांचा. एका बाजूला इस्त्रीवाला, दुसऱ्या बाजूला घड्याळ दुरुस्तीवाला. पुढच्या खोलीत एक राखाडी पडदा, गोल फिरवून उंच करायचं स्टूल आणि भिंतीवर आरसा. आरशाला सुतळीने कंगवा बांधलेला होता, कारण आधीचे चार कंगवे गिऱ्हाइकांच्या खिशातून निघून गेले होते.

मालकांचा आवाज मोठा. समोर बसलेल्या माणसावर ते सारखे ओरडायचे. "मान सरळ! अहो, इतकी नाही, मोडेल! खांदे सोडा. परीक्षेला बसलाय का?" माणूस दचकायचा, मग त्याला हसू फुटायचं आणि नेमक्या त्या क्षणी मालक बटण दाबायचे. "हसा म्हटलं की लोक दात दाखवतात, हसत नाहीत," असं त्यांचं म्हणणं. माझी मात्र ते फार काळजी घेत. संध्याकाळी दुकान बंद करताना मऊ ब्रशने धूळ झाडत, भिंगाला खास कापडाशिवाय काही लागू देत नसत. एकदा एका पाहुण्याने शर्टाच्या टोकाने माझं भिंग पुसलं, तर मालक त्याच्याशी दोन महिने धड बोलले नाहीत.

मागच्या खोलीत संगणक होता आणि त्यापुढे ताई बसायची. तिला सगळे 'खोडरबर ताई' म्हणत. हे नाव मालकांनीच ठेवलेलं. ती बावीस वर्षांची असताना कामाला लागली आणि अकरा वर्षं त्याच खुर्चीत बसून लोकांचे चेहरे साफ करत राहिली. मी पुढच्या खोलीत जे पाहिलेलं असे, ते मागच्या खोलीत ती पुसायची. पुटकुळ्या, डाग, तीळ, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कपाळावरच्या आठ्या, सगळं जायचं. वर चेहरा दोन छटा उजळ व्हायचा आणि डोळे किंचित मोठे. हात असा चालायचा की चहा निवायच्या आत तीन चेहरे हातावेगळे.

लोक खूश असत. "ताई, दहा वर्षं कमी केलीत माझी!" म्हणत. ती लाजून हसायची. मित्रांनो, ती वाईट नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. लोकांना आरशात आवडत नाही ते आपण काढून टाकतो, त्यात त्यांचं भलंच आहे, असं तिला मनापासून वाटायचं. माझी जागा तिच्याच टेबलावर होती. ती माझ्यातलं कार्ड काढायची, फोटो संगणकावर उतरवायची, त्याच फोटोवर काम करायची आणि त्याच्यावरच साठवायची. मग कार्ड कोरं करून मला परत द्यायची. वेगळी प्रत कधी ठेवलीच नाही. डिस्क भरली की मालक ओरडायचे, म्हणून जागा वाचवायची तिला सवयच लागली होती. मला तिने हातात घेतलं ते फक्त कार्ड काढण्यापुरतं. माझ्या डोळ्याला डोळा तिने कधी लावला नाही.

आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एक टपरीएवढं दुकान होतं. तिथे काका कुलपं दुरुस्त करायचे आणि काकू किल्ल्या करून द्यायच्या. दोघं शेजारी शेजारी बसत, मधे कानशींचा डबा. काका अबोल, काकू बोलक्या. किल्ली घासता घासता गिऱ्हाइकाच्या घरातल्या सगळ्यांची चौकशी व्हायची.

एकदा त्यांची लेक परगावाहून आली आणि आईला हट्टाने आमच्याकडे घेऊन आली. काकूंचा चांगला असा एकही फोटो घरात नव्हता. तेव्हा प्रत्येकाच्या खिशात कॅमेऱ्याचा फोन नसायचा, हे तुम्हाला सांगायला हवं. काकू स्टुलावर बसल्या. त्यांच्या डाव्या भुवईवर एक तिरपा व्रण होता. फार पूर्वी किल्ली घासताना लोखंडाचा तुकडा उडून लागला होता. त्यांनी केसांची बट त्यावर ओढली.

"हे दिसेल का हो?" त्यांनी मालकांना विचारलं.

"दिसलं तर दिसलं. बट बाजूला घ्या, डोळा झाकतोय," मालक म्हणाले. मग ओरडले, "आणि किल्ली हरवल्यासारखं तोंड नको!"

काकू खळखळून हसल्या. मालकांनी समोरून फ्लॅश मारला आणि मी उघडलो. मला तो चेहरा नीट आठवतो. हसताना डोळ्यांच्या कोपऱ्यांत रेघांची जाळी पसरली होती आणि व्रणामुळे डावी भुवई जराशी वर चढली होती. त्या आत्ता काहीतरी विचारणार, असं वाटत होतं.

लेक मागच्या खोलीत डोकावली. "ताई, आईला जरा छान करा हं."

ताईने छान केलं. व्रण गेला, जाळी गेली, भुवया एका रेषेत आल्या, सावळा रंग दुधी झाला. मोठा फोटो छापून चौकटीत घातला तेव्हा लेक आनंदून गेली. काकूंनी तो हातभर लांब धरला आणि म्हणाल्या, "कोण गं बाई ही? बरी दिसते!" सगळे हसले. ताईसुद्धा हसली. तो प्रश्न कुणीच मनावर घेतला नाही.

सात महिन्यांनी, एका दुपारी, काका एकटेच आले. हातात कापडी पिशवी. मालक जेवायला गेले होते. ताईने त्यांना बसायला सांगितलं, पण ते उभेच राहिले. पिशवीतून त्यांनी ती चौकट काढली आणि माझ्याशेजारी टेबलावर ठेवली.

"काकू कशा आहेत?" ताईने विचारलं.

"गेली ती. महिना झाला. चार दिवस ताप होता, एवढंच."

काका पुढे बोलले, अगदी हळू. "हा फोटो दुकानात लावला. येणारे विचारतात, ही कोण? पहिल्यांदा वाटलं, एखाद्याला ओळख पटली नसेल. पण तिघांनी विचारलं. तिच्या हातच्या किल्ल्या वीस वर्षं वापरणारी माणसं हो ती. मी घरी गेलो, दिवा लावून नीट पाहिलं. मलाही ती सापडेना." त्यांनी चौकट किंचित पुढे सरकवली. "तुम्हाला दोष देत नाही. लेकीनेच सांगितलं होतं. मला फक्त मूळचा फोटो द्या. व्रण असलेला."

ताईने संगणक उघडला. तारीख काढली. फोटो सापडला, पण तो चौकटीतलाच. तिने दुसरीकडे शोधलं, जुन्या तबकड्या काढल्या. माझं कार्डही तपासलं. पण त्या कार्डावर नंतर साठ लग्नं आणि शेकडो ओळखपत्रं येऊन गेली होती. मित्रांनो, तो चेहरा मी पाहिला होता, अख्खा पाहिला होता, आणि तो माझ्यापाशी नव्हता.

एव्हाना मालक आले होते. "मूळ प्रत?" त्यांनी विचारलं.

"तिच्यावरच काम केलं," ताई म्हणाली. तिचा आवाज जेमतेम ऐकू येत होता.

मालक ओरडतील असं मला वाटलं. ते ओरडले नाहीत. स्टूल ओढून बसले. "चूक तुझ्या एकटीची नाही. वेगळी प्रत ठेव, हे मी तुला कधी शिकवलंच नाही. डिस्क भरते म्हणून उलट बोललो."

काकांनी मान हलवली, चौकट पिशवीत घातली आणि जायला वळले. तेव्हा ताई खुर्चीतून उठली. "काका, थांबा. मी पुसलंय ना, मग मीच परत आणते. पण मला काकू तुमच्याइतक्या माहीत नाहीत. तुम्ही माझ्याशेजारी बसाल?"

दुसऱ्या दिवशी काका सकाळी दहाला आले. येताना काकूंचं ओळखपत्र घेऊन आले. त्यावर नखाएवढा धुरकट फोटो होता. भुवया, नाक, हनुवटी कुठे आहे एवढं त्यावरून कळत होतं, बाकी काही नाही. ताईने या वेळी पहिलं काम काय केलं असेल, तर चौकटीतल्या फोटोची वेगळी प्रत काढली आणि तिच्यावर काम सुरू केलं. आधी रंग. काका म्हणाले, "ती अशी दुधी नव्हती हो. सावळी होती. छान सावळी." ताईने उजळपणा थोडा थोडा उतरवत आणला. काका बघत राहिले आणि एका ठिकाणी म्हणाले, "बस. इथेच." मग डोळे थोडे लहान केले, मूळच्या मापाचे.

व्रणाला दोन तास लागले. काकांचं सगळं आयुष्य बारीक खाचा मोजण्यात गेलेलं. "अर्धा केस खाली," ते म्हणायचे. "वरचं टोक बारीक, खालचं जाड. नाही, एवढं नको. एक कानस कमी मारा." ताई तसं करायची. व्रण बसला आणि भुवई वर चढली, तेव्हा काका पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसले.

पण सुरकुत्या जमेनात. ताईने डोळ्यांच्या कोपऱ्यात रेघा काढल्या, तर त्या पेन्सिलीने ओढल्यासारख्या दिसायच्या. पुसल्या, परत काढल्या. नाटकातल्या म्हातारीसारखा चेहरा झाला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अकरा वर्षं सुरकुत्या घालवत आलेल्या बाईला एक सुरकुती घालता येईना.

मालक दारात उभे होते. "रेघ ओढून सुरकुती होत नसते. सुरकुती म्हणजे सावली. तू ती कधी नीट पाहिलीच नाहीस, पुसायच्या घाईत होतीस. ऊठ. हा कॅमेरा घे आणि खरी सुरकुती पकडून आण."

"कुणाची?" ताईने विचारलं.

काका म्हणाले, "माझी घ्या. तिच्या चेहऱ्यावरच्या निम्म्या माझ्यामुळेच पडल्या." आणि महिनाभरात पहिल्यांदा ते थोडेसे हसले.

असा मी ताईच्या हातात आलो. तिने मला दोन बोटांनी धरलं, गरम भांडं धरावं तसं. पहिलाच फोटो हलला. मालकांना राहवेना. "कोपरं अंगाला चिकटव! डावा तळवा भिंगाखाली, पाळण्यासारखा. श्वास सोड, मग दाब. बटण दाबायचं, टोचायचं नाही!" दुसऱ्या फोटोत काकांचा कान स्पष्ट आला आणि डोळा धूसर. "डोळ्यावर नेम धर. डोळा स्पष्ट आला की बाकीचं खपतं." तिसऱ्याला फ्लॅश उडाला आणि काकांच्या चेहऱ्यावर जवळजवळ एकही सुरकुती उरली नाही. ताई चकित झाली. "हे कुठे गेलं सगळं?"

"समोरून मारलेला उजेड सावल्या खाऊन टाकतो," मालक म्हणाले. "तो विझव. काकांना खिडकीपाशी घे. उजेड कानाच्या बाजूने येऊ दे."

काका खिडकीशी बसले. इस्त्रीवाल्याच्या पांढऱ्या चादरींवरून परतून येणारा उजेड मवाळ होता. तो काकांच्या गालावरून तिरपा घसरला आणि डोळ्याच्या कोपऱ्यातली प्रत्येक घडी जागी झाली. घडीची एक कड उजळ, दुसरी गडद. ताई जवळ सरकली, आणखी जवळ. तिने मला डोळ्याला लावलं आणि बराच वेळ काहीच केलं नाही, नुसती पाहत राहिली.

"काका," ती हळूच म्हणाली, "काकू तुम्हाला काय म्हणून हाक मारायच्या?"

काकांचे डोळे बारीक झाले, कोपऱ्यांत जाळी पसरली. ताईने श्वास सोडला आणि बटण दाबलं. माझ्या जन्मात मी खूप फोटो काढले, मित्रांनो, पण हलका हात कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं.

त्या फोटोतल्या घड्या ताईने काकूंच्या चेहऱ्यावर बसवल्या. मूळ फोटोत उजेड समोरचा होता, म्हणून त्या तिने निम्म्याने फिक्या केल्या. संध्याकाळी काम संपलं असं वाटलं, पण मालकांनी संगणक बंद करायला लावला. "आता डोळे थकलेत. उद्या ताज्या डोळ्यांनी बघ." दुसऱ्या दिवशी तिला लगेच दिसलं की डावीकडच्या घड्या जास्त झाल्या आहेत. त्या उतरवल्या. मग एक लहान प्रत छापून भिंतीला लावली, चार पावलं मागे जाऊन पाहिली आणि मगच मोठी छापली.

काका आले तेव्हा ती म्हणाली, "काका, खोटं नाही बोलणार. ह्या पुरत्या काकू नाहीत. हे मी जुळवलेलं आहे. मागच्या बाजूला तसं लिहिलंय."

काकांनी फोटो हातात घेतला. खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. कुलपाच्या आत बघावं तसं बराच वेळ पाहिलं. "भुवई बरोबर आहे," ते म्हणाले. "डोळ्यांत ती आहे." मग थोड्या वेळाने, "बाकीची मला पाठ आहे."

आठवड्याने ते परत डोकावले, उभ्या उभ्याच. त्यांनी सांगितलं, दुकानात एक बाई कपाटाची किल्ली करायला आल्या होत्या. भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बघून म्हणाल्या, "अगंबाई, काकू गेल्या?" आणि तिथेच रडू लागल्या. "ही कोण, असं नाही विचारलं कुणी," काका म्हणाले आणि निघून गेले.

त्यानंतर आमच्या मागच्या खोलीत बरंच बदललं. संगणकावर एक वेगळा कप्पा झाला, त्याचं नाव 'हात लावू नये'. माझ्यातले फोटो आधी तिथे जात आणि मगच कार्ड कोरं होई. ती माणसांना विचारू लागली, "हा तीळ राहू दे की काढू?" तिने स्वतःसाठी एक रीत ठरवली. कालची पुटकुळी, कॉलरवरचा धागा, ओठाजवळचा बिस्किटाचा कण, हे आठ दिवसांत आपोआप जाणारं आहे, ते खुशाल काढावं. जे माणसाबरोबर वर्षानुवर्षं राहिलं आहे, त्याला हात लावण्याआधी ते ज्याचं आहे त्याला विचारावं. काहींना तीळ नकोच असे, तो ती काढूनही देई. नावं ठेवत नसे. उजेड-अंधार ठीक करणं, वाकडी चौकट सरळ करणं, नको ते काठ कापणं, एवढ्यावरच तिचं बहुतेक काम भागू लागलं. आणि संगणकावरची रंग कमीजास्त करायची कळ जिथवर ओढावीशी वाटे, त्याच्या निम्म्यावर ती थांबे.

दुपारी जेवण झालं की ती मला उचलायची. घड्याळवाल्याच्या दारातल्या एका मोडक्या खुर्चीचे तिने महिनाभर फोटो काढले. सकाळचे, टळटळीत दुपारचे, ढगाळ दिवसाचे. खुर्ची तीच, पण उजेड बदलला की ती कधी रुसलेली दिसे, कधी ऐटबाज. "एकाच वस्तूवर कंटाळा येईपर्यंत काढ," मालक म्हणत, "कंटाळा आला की मग खरं दिसायला लागतं." एकदा तिने इस्त्रीवाल्याचा झकास फोटो काढला, पण त्याच्या डोक्यातून विजेचा खांब उगवला होता. इस्त्रीवाला म्हणाला, "ताई, मला शिंग फुटलं की काय?" त्या दिवसापासून ती माणूस पाहून झाला की त्याच्या मागे काय आहे तेही पाहू लागली आणि दोन पावलं इकडे तिकडे सरकू लागली. लहान मुलांसाठी ती फरशीवर मांडी घालून बसायची. वरून फोटो काढला की मुलांच्या नुसत्या टाळूच येतात.

ते माझे सोन्याचे दिवस होते. पण दिवस कुणासाठी थांबत नाहीत. स्टुडिओत नवा कॅमेरा आला. तो अंधारातही पाहू शकत होता आणि चेहरा स्वतःच शोधत होता. मला कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवलं, बॅटरी आत तशीच राहिली, आणि कामाच्या गर्दीत सगळे मला विसरले. तीन वर्षं मी तिथे होतो. भिंत दमट होती. माझ्या भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली, बॅटरी फुगली, कातडी पट्टा कडक झाला. आपण पाहिलेले सगळे चेहरे आता कुणाच्या तरी भिंतीवर असतील, एवढाच मला दिलासा होता.

मालकांचे गुडघे दुखू लागले आणि त्यांनी दुकान ताईच्या हवाली केलं. आवराआवर करताना मी तिला सापडलो. तिने मला छातीशी धरलं आणि स्वतःवरच चिडली. दुरुस्तीवाल्याकडे नेऊन भिंग उघडून साफ करवलं, नवी बॅटरी घातली. मग शनिवारी ती आसपासच्या मुलांना आणि मोठ्यांनाही फोटो काढायला शिकवू लागली, आणि शिकणाऱ्यांच्या हातात पहिल्यांदा मीच जायचो. किती घामट हातांनी मला धरलं! मला ते फार आवडायचं.

मालक रोज संध्याकाळी काठी टेकत यायचे आणि खुर्चीवर बसून सगळ्यांच्या चुका काढायचे. एकदा ताईने भिंतीवरचे फोटो बदलायला काढले. चाळीस वर्षांचं गाव त्या भिंतीवर होतं. शेवटचा फोटो लावून झाल्यावर ती थबकली. "मालक, ह्यात तुम्ही कुठे आहात?"

"मी? मी काढत होतो ना."

"घरी असेल की एखादा."

मालकांनी आठवून पाहिलं. "ओळखपत्रावरचा आहे. तो सरकारी माणसाने काढलाय, डोळे मिटलेत."

ताईने नवा कॅमेरा नाही, मला उचललं. मालकांना खिडकीपाशी बसवलं. ते लगेच अवघडले, छाती पुढे, मान ताठ, ओठ घट्ट. ज्यांनी हजारो माणसांना सैल केलं, त्यांना स्वतःला सैल होता येईना. ताईने तीन फोटो काढले, तिन्ही पुतळ्याचे. मग तिने मला मुद्दाम दोन बोटांनी धरलं, कोपरं पंखांसारखी पसरवली आणि डोळ्याला लावलं.

"अगं कोपरं!" मालक उसळले. काठी वर झाली, भुवया वर गेल्या, सगळा चेहरा जिवंत झाला. "काय शिकवलं मी तुला इतकी वर्षं! असा धरतात होय कॅ…"

ताईची कोपरं केव्हाच अंगाला चिकटली होती. तिने बटण दाबलं.

फोटो पाहून मालक कुरकुरले, "ह्यात मी ओरडतोय."

"हो," ताई म्हणाली.

मालकांनी फोटो पुन्हा पाहिला. बाहेर जाताना मात्र घड्याळवाल्याला आणि इस्त्रीवाल्याला हाक मारून म्हणाले, "आत जाऊन बघा रे, पोरीने काय काढलाय मला!"

त्यानंतर पंधरा दिवसांनी एका शनिवारी माझा पडदा अर्ध्यात अडकला. दुरुस्तीवाल्याने बघितलं आणि सुटा भाग आता मिळत नाही म्हणाला. तेव्हापासून मी ह्या काचेच्या कपाटात आहे. मला दुःख नाही. कपाटात ओल येऊ नये म्हणून ताईने शेजारी एक पुडी ठेवली आहे आणि दर महिन्याला ती बदलते.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखा कुणी कपाटाच्या तळाशी पडला असेल, तर त्याला बाहेर काढा, मऊ कापडाने पुसा, बॅटरी वेगळी ठेवा. भिंगावर बोट उमटवू नका. एवढं माझ्या भाईबंदांसाठी मागतो. पण खरं मागणं दुसरंच आहे. तुमच्या घरी एखादं माणूस असेल, सहलीला, वाढदिवसाला, सगळ्यांना ओळीत उभं करणारं, "जरा जवळ या" म्हणणारं. घरातले सगळे फोटो नीट उलटून पाहा. ते माणूस बहुतेक एकाही फोटोत नसेल. आज त्याच्या हातातून कॅमेरा घ्या, त्याला खिडकीपाशी बसवा, आणि ते नको नको म्हणत असतानाच बटण दाबा.